खळखळाट कशासाठी?

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. अंतिम वर्ष

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसांच्या बाबतीत ती आपल्याला लगेच पटते. यंत्रांच्या बाबतीत मात्र आपला कल नेमका उलट असतो. मोटारसायकल जितकी फटफटेल तितकी दमदार, मिक्सर जितका किंचाळेल तितके वाटण बारीक आणि संगणक जितका घोंघावेल तितका तो ‘पॉवरफुल’, असे आपण मनोमन धरून चालतो. या समजुतीविरुद्ध दोन शब्द सांगावेत म्हणून हा लेखनप्रपंच. उदाहरणादाखल मी घरी जुळवलेल्या संगणकातला, प्रोसेसरवर बसवलेला तळहाताएवढा पंखा घेतला आहे. विषय क्षुल्लक वाटेल, पण ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसे झोपतात, त्या घरात तो क्षुल्लक राहत नाही.

सुट्टीत मी हैदराबादेत, दिलसुखनगरला मामांकडे असते. हा भाग ज्यांनी पाहिला असेल त्यांना तेथील गजबज वेगळी सांगायला नको. विजयवाड्याकडे जाणारा हमरस्ता, त्यावर २०१८ पासून धावणारी मेट्रो, दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासेस, आणि त्या क्लासेसच्या आधाराने गल्लीगल्लीत उभी राहिलेली वसतिगृहे. एका खोलीत तीन-चार मुले राहतात. एक सी.ए.चा अभ्यास करतो, एक सरकारी नोकरीच्या परीक्षेचा, तिसरा संगणकाचा कोर्स करतो आणि चौथा रात्रपाळी करून पहाटे झोपायला येतो. लॅपटॉप महाग पडतो म्हणून पुष्कळ जण सुटे भाग आणून संगणक जुळवतात. आमच्या मामेभावानेही तीन वर्षांपूर्वी तेच केले. त्याच संगणकावर मी टॅली शिकले आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचा सराव केला. त्यामुळे या यंत्राशी माझे वैर नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

परंतु दीड-दोन वर्षांत त्याचा पंखा असा काही घरघरू लागला, की रात्री दहानंतर संगणक सुरू करायचा म्हणजे घरात वादाला निमंत्रण. आजीला झोप लागत नसे. मामांना पहाटे पाचला उठावे लागे. मामेभावाची परीक्षा तोंडावर. अभ्यास करणाऱ्याचा हक्क मोठा की झोपणाऱ्याचा, असा प्रश्न रोज रात्री आमच्या घरात उभा राही, आणि दिलसुखनगरच्या शेकडो खोल्यांत तो आजही उभा राहत असेल.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अपरिचित नाही. १८७९ साली लंडनमध्ये ‘स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन’ हा खटला चालला. एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या स्वयंपाकघरात खलबत्त्यांवर काम करीत होता. शेजारच्या डॉक्टरने आपल्या बागेच्या टोकाला, त्याच भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली. खलबत्त्यांच्या दणक्यांनी त्याला रोगी तपासता येईना. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला आणि मिठाईवाल्याला मनाई केली. पुढे १९६० साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने सामाजिक खर्चावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात हा खटला पुन्हा उकलून दाखवला. तो म्हणतो, त्रास हा दुहेरी असतो. मिठाईवाल्याला थांबवले तर त्याचे नुकसान, न थांबवले तर डॉक्टरचे. म्हणून केवळ दोषी कोण एवढेच विचारून भागत नाही. हा त्रास कोण कमीत कमी खर्चात टाळू शकतो, हेही विचारले पाहिजे. कोस यांना १९९१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हा मापदंड आपल्या खोलीला लावून पाहा. झोपणाऱ्याने त्रास टाळायचा तर त्याने खोली बदलावी, म्हणजे भाडे वाढले, किंवा झोप सोडावी, म्हणजे प्रकृती गेली. अभ्यास करणाऱ्याने संगणक बंद करून त्रास टाळायचा तर त्याची परीक्षा बुडाली. पण संगणकाच्या मालकाने पंख्याकडे थोडे लक्ष दिले तर? खर्च शून्यापासून दोनशे रुपयांपर्यंत, आणि रविवारची एक दुपार. मिठाईवाल्याला धंदा सोडावा लागणार होता. आपल्याला फक्त धूळ झटकायची आहे. मग हा वाद न्यायाधीशापर्यंत न्यायचे कारणच उरत नाही.

हा पंखा मुळात तेथे का असतो, हे थोडक्यात सांगते. प्रोसेसरमध्ये जाणारी वीज अखेर सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता आकड्यांचा वेग वाढवला की वाढते, आणि विजेचा दाब वाढवला की त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पूर्वी प्रोसेसर पंख्याविना चालत. १९७७ सालच्या ॲपल-२ या संगणकात पंखाच नव्हता. १९८० साली आलेल्या ॲपल-३ मध्येही तो ठेवला नाही. त्या यंत्राच्या तापण्याबद्दल तक्रारी आल्या आणि ते यंत्र बाजारात चालले नाही. १९९३ मधला पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट उष्णता देई, तर २००४ चा पेंटियम-४ शंभर वॅटच्या पुढे गेला. त्याच वर्षी इंटेल कंपनीने ‘तेहास’ नावाच्या आणखी तापट प्रोसेसरची योजना रद्द केली आणि एकाच वेगवान मेंदूऐवजी दोन मध्यम मेंदू जोडण्याचा मार्ग धरला. म्हणजे उष्णतेपुढे जगातल्या बलाढ्य कंपनीलाही मान तुकवावी लागली.

येथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. हैदराबादेत १९६७ साली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि सत्तरच्या दशकात तेथे टीडीसी मालिकेचे भारतीय संगणक तयार होऊ लागले. त्या पिढीच्या संगणकाला स्वतंत्र खोली असे. यंत्राचा आवाज यंत्राच्या खोलीत राही आणि माणसे रात्री आपापल्या घरी झोपत. पुढे संगणक घरात आला, हे उत्तमच झाले. पण येताना त्याने आपला आवाजही झोपण्याच्या खोलीत आणला. त्याला घरच्या चालीरीती शिकवण्याचे काम मात्र आपण कोणी केले नाही.

वस्तुतः या चालीरीती आपल्याला ठाऊक आहेत. छताचा पंखा रात्री गार वाटू लागला की आजी उठून रेग्युलेटर पाचावरून तीनवर आणते. त्यासाठी तिला कोणी अभियंता लागत नाही. संगणकाच्या पंख्यालाही रेग्युलेटर असतो. तो भिंतीवर नसून संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायोसच्या पडद्यावर असतो, एवढाच काय तो फरक. पंख्याला चार तारा असतील तर चौथ्या तारेतून सेकंदाला सुमारे पंचवीस हजार वेळा चालू-बंद होणारा इशारा जातो आणि त्या इशाऱ्याच्या प्रमाणावर वेग ठरतो. तीन तारांच्या पंख्याचा वेग विजेचा दाब कमी करून उतरवतात. किती तापमानाला किती वेग, याचा एक आलेख बायोसमध्ये असतो आणि तो आपल्याला बदलता येतो. आमच्या गल्लीत मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो पडदा कधी उघडलाच नव्हता.

या आलेखात आपल्या अर्थशास्त्राचा घटत्या फलाचा नियम जसाच्या तसा दिसतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण पंख्याला लागणारी वीज एक-अष्टमांश होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. दहा डेसिबेल उतरले की कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पंधराचे मोल कळेल. उलट बाजूने पाहिले तर पहिल्या हजार फेऱ्यांमध्ये प्रोसेसर चांगला निवतो, पुढच्या हजारात थोडाच निवतो, आणि शेवटच्या काही शेकड्यांत दोन-तीन अंश मिळवण्यासाठी सगळे घर जागे होते. शेवटच्या नगाचा लाभ नगण्य आणि खर्च सर्वांत मोठा! कोणताही शहाणा उत्पादक तेथे थांबला असता.

आमच्याकडे केलेल्या दुरुस्तीचा क्रम सांगते, कारण क्रम चुकला तर ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत होते. संगणकाच्या पेटीत एक नव्हे, निदान तीन पंखे असतात: प्रोसेसरचा, पेटीचा आणि वीजपुरवठ्याच्या डब्याचा. आवाज नेमका कोणाचा, हे आधी शोधले पाहिजे. वर्तमानपत्राची सुरळी करून तिचे एक टोक कानाशी व दुसरे प्रत्येक पंख्यापासून थोड्या अंतरावर धरले की चोर सापडतो. आमचा चोर प्रोसेसरवरचाच निघाला.

नंतर संगणक बंद करून, वायर काढून, धूळ साफ केली. दिलसुखनगरची धूळ म्हणजे हमरस्त्याचीच धूळ. प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये तिची जाड गादी बसली होती. हवा जायला वाटच नव्हती, म्हणून पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. ब्रशने आणि फुंकणीने ती काढली. काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो जोराच्या हवेने गरागरा फिरतो आणि बेअरिंग दुखावते. मग पंख्याखालचे जुने, सुकून खडूसारखे झालेले पेस्ट पुसून नवे लावले, वाटाण्याएवढे. हे पेस्ट धातूच्या दोन पृष्ठभागांमधील हवेच्या फटी भरते. जास्त थापले तर तेच आडकाठी बनते. पंखा परत बसवताना चारही कोपऱ्यांच्या खुंट्या नीट बसल्या की नाही हे पाहिले, कारण एक खुंटी जरी सैल राहिली तरी सारी मेहनत फुकट. शेवटी बायोसमध्ये आलेख उतरवला आणि तापमान क्षणभर चढले तर लगेच पंखा उसळू नये म्हणून काही सेकंदांचा विलंब घातला. झोप मोडते ती एकसारख्या आवाजापेक्षा अशा चढउताराने अधिक.

हिशेब असा. पूर्वी पूर्ण कामाला पंखा मिनिटाला २,६०० फेऱ्या घेई आणि तापमान ८४ अंश दाखवी. धूळ व पेस्टनंतर तेच तापमान ७६ वर आले. मग पंखा १,६०० फेऱ्यांवर उतरवला तेव्हा ते ८० वर स्थिरावले. म्हणजे आवाज ऐकायला जवळजवळ निम्मा, आणि प्रोसेसर पूर्वीपेक्षा चार अंश गारच. एकूण खर्च पेस्टच्या नळीचा, दीडशे रुपये. यापूर्वी एका दुकानदाराने याच दुखण्यावर सहा हजारांचा पाण्याने गार करणारा कूलर सुचवला होता. त्या कूलरलाही पंप असतो आणि त्याच्या जाळीवरही पंखेच असतात, हे सांगायला तो विसरला. महसुली खर्चाने भागणाऱ्या ठिकाणी भांडवली खर्च गळ्यात मारण्याचा हा नमुना मला हिशेबतपासणीच्या तासाला नेहमी आठवतो.

बेअरिंगच झिजलेले असेल तर मात्र पंखा बदलावा. काही जण त्यात खोबरेल सोडतात. आपल्या बिदरकडच्या थंडीत ते गोठते आणि पंखा अधिकच कण्हतो. पेटीत जागा असेल तर मोठ्या व्यासाचा पंखा घ्यावा, कारण मोठा पंखा तेवढीच हवा सावकाश फिरून देतो. मोठ्या बैलाला धावावे लागत नाही.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा, की पंखा हळू केला तर प्रोसेसर जळेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि भोवतीच्या हवेपेक्षा गार कोणताही पंखा प्रोसेसरला करू शकत नाही. परंतु गणित करून पाहा. पेटीतील हवा ४५ अंश, प्रोसेसरची उष्णता ६५ वॅट, आणि दर वॅटला अर्धा अंश चढ धरला तर तापमान साधारण ७८ अंश होते. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात. म्हणजे मर्यादा आहे आणि तिच्या आत पुरेशी जागाही आहे. मात्र काही प्रोसेसर भरगच्च कामाच्या वेळी नमूद वॅटपेक्षा जास्त वीज खातात. म्हणून आलेख बदलल्यावर उन्हाळ्यात एकदा तापमान पाहावे. डोळे मिटून पंखा बंद करा, असे मी म्हणत नाही. लागेल तेवढाच आवाज असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. बाहेर बस, हॉर्न, मंगल कार्यालयाचे लाउडस्पीकर चालू असताना या चिमुकल्या पंख्याचे काय घेऊन बसलात? आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबेल व दिवसा ५५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रस्त्यावर ती किती पाळली जाते, हे प्रत्येकाने आपल्या कानाला विचारावे. पण म्हणूनच मला हा पंखा महत्त्वाचा वाटतो. हमरस्ता माझ्या हातात नाही, पंखा आहे. जो आपल्या खोलीतल्या माणसाच्या झोपेची फिकीर करीत नाही, तो उद्या गल्लीतल्या अनोळखी म्हाताऱ्यासाठी हॉर्न वाजवायचा थांबेल, हे कसे मानावे?

ग्राहकांनी तक्रार केली तर मोठ्या कंपन्याही ऐकतात. ॲपलच्या २००२ मधील एका संगणकाचा आवाज एवढा होता, की लोक त्याला ‘विंडटनेल’ म्हणजे वाऱ्याचा बोगदा म्हणू लागले. २००३ साली कंपनीने सुमारे वीस डॉलर घेऊन त्याचा वीजपुरवठा व पंखा बदलून देण्याची योजना काढली. गोंगाट हा यंत्राचा गुण नसून दोष आहे, अशी ती एक प्रकारे कबुलीच होती. आपल्याकडे मात्र दुकानात संगणक घेताना मेमरी किती, डिस्क किती, हे दहा वेळा विचारतात. आवाज किती, हे कोणी विचारत नाही.

कदाचित याला आपली भाषाही थोडी कारणीभूत असेल. मराठीत गायिकेचाही आवाज आणि गिरणीचाही आवाजच. माझ्या घरी दोन्ही भाषा बोलतात, त्यामुळे हा फरक मला जाणवतो: कन्नडमध्ये माणसाची ‘दनि’ निराळी, नुसता ‘सद्दु’ निराळा आणि ‘गद्दल’ त्याहून निराळा. वर्गात सर ‘गद्दल माडबेडी’ म्हणाले की बोलणे पूर्ण बंद करा असा त्याचा अर्थ होत नाही. गोंधळ करू नका, एवढाच होतो. यंत्रांच्या बाबतीतही आपल्याला असाच भेद करता आला पाहिजे. मराठीत ‘गोंगाट’ हा चांगला शब्द आहे. तो आपण शेजारच्या मुलांसाठी राखून ठेवतो. थोडा आपल्या यंत्रांसाठीही वापरावा.

शेवटी एक सूचना करते. आपल्या महाविद्यालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक संगणकाचा क्रमांक, किंमत आणि खरेदीची तारीख लिहिलेली असते. त्यात ‘शेवटची सफाई’ असा आणखी एक रकाना आखावा. वर्षातून दोनदा, सत्र परीक्षांच्या आधी, संगणक विभागाच्या देखरेखीखाली मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी मिळून प्रयोगशाळेतील पंखे स्वच्छ करावेत, आणि वसतिगृहात ज्यांचे स्वतःचे संगणक आहेत त्यांचेही त्याच दिवशी करून द्यावेत. ब्रश, पेस्ट आणि अर्धा दिवस, एवढेच भांडवल लागेल. प्राध्यापकांनी परवानगी दिली तर पहिल्या दिवशी ब्रश घेऊन मी हजर राहीन. कन्नड विभागातील मित्रांनीही आपापली नावे ग्रंथालयाच्या फलकाखाली ठेवलेल्या वहीत लिहावीत, ही विनंती.